पहिला रनिंग शू घेताना: गादी कशी ओळखावी, आधार कसा तपासावा

नव्याने धावायला लागलेला माणूस दुकानात बूट हातात घेतो आणि सगळ्यात आधी अंगठ्याने टाचेखालचा सोल दाबून बघतो. अंगठा जरा आत गेला की चेहरा खुलतो. ‘‘मस्त मऊ आहे!’’ जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनच्या तयारीसाठी दर वर्षी दिवाळीनंतर आमच्या गटात पाच-सहा नवे चेहरे येतात. त्यातले निम्मे तरी या अंगठ्याच्या भरवशावर बूट घेऊन आलेले असतात.

अंगठ्याचा जोर फार तर काही किलोंचा. धावताना मात्र प्रत्येक पावलाला जमिनीकडून जो जोर येतो तो शरीराच्या वजनाच्या साधारण दोन ते तीन पट असतो. ७० किलोच्या माणसाला दीडशे ते दोनशे किलो, आणि पाऊल जमिनीवर टेकलेले असते ते जेमतेम पाव सेकंद. मिनिटाला १६० पावले आणि एका किलोमीटरला सात मिनिटे धरली, तर एका किलोमीटरमध्ये हे अकराशेहून जास्त वेळा घडते. या भाराखाली बूट कसा वागेल, हे अंगठ्याला कळणे शक्यच नाही.

दुसरा गोंधळ शब्दांचा. ‘कुशनिंग’ आणि ‘सपोर्ट’ हे शब्द आपण एका दमात बोलतो, जणू ती एकच गोष्ट आहे. कुशनिंग म्हणजे गादी: धक्का पसरवणे, त्याची धार कमी करणे. सपोर्ट म्हणजे आधार: पाऊल टेकल्यापासून सुटेपर्यंत ते डगमगू न देणे. ही दोन कामे वेगळी आहेत आणि पुष्कळदा एकमेकांच्या विरोधात जातात. गादी फार मऊ केली की पाय तिच्यात डुगडुगतो. आधार फार कडक केला की बूट लाकडासारखा लागतो. बूट निवडायचा म्हणजे या दोघांचा आपल्या पायापुरता मेळ शोधायचा. खालच्या पायऱ्या मी नव्या लोकांबरोबर दुकानात जातो तेव्हा ज्या क्रमाने घेतो, त्याच क्रमाने दिल्या आहेत.

पायरी १: घरातला जुना बूट उघडून बघा

नवा घेण्याआधी घरातला कुठलाही जुना स्पोर्ट्स शू हातात घ्या. सगळ्यात खाली रबर दिसते, ते आउटसोल. त्याचे काम पकड आणि झीज सोसणे. धक्का पचवण्यात त्याचा वाटा अगदी थोडा. वरचे जाळीदार कापड म्हणजे अप्पर. टाचेच्या मागच्या बाजूला आत एक कडक वाटी दडलेली असते, तिला हील काउंटर म्हणतात. आणि रबर व पाऊल यांच्यामध्ये जो जाड फोमचा थर आहे तो मिडसोल. बुटाचे पैसे आपण मुख्यतः या थराचे देतो. गादी तिथेच असते आणि आधारही बराचसा तिथेच.

आता आत हात घालून सुखतळा बाहेर काढा. बहुतेक रनिंग शूजमध्ये तो नुसता ठेवलेला असतो, ओढला की निघतो. चार-पाच मिलिमीटरचा मऊ तुकडा. दुकानात पाय घातल्या घातल्या जे सुख वाटते ते बऱ्याचदा या सुखतळ्याचे आणि घोट्याभोवतीच्या अस्तराचे असते. काही आठवड्यांत तो दबतो, त्यावर पावलाचा ठसा उमटतो आणि ते पहिले सुख निघून जाते. खाली उरतो तो खरा बूट.

सुखतळ्याचा दुसरा उपयोग मापासाठी. दुकानात तो काढून जमिनीवर ठेवा आणि त्यावर सगळे वजन टाकून उभे राहा. करंगळीची बाजू किंवा अंगठ्याचे हाड कडेबाहेर गेले, तर तो बूट तुमच्या पायाला अरुंद आहे. मग विक्रेता ‘वापरून सैल होईल’ म्हणाला तरी तो ठेवून द्या. अप्पर थोडे सैलावते, मिडसोलची रुंदी सैलावत नाही.

पायरी २: फोमची जात समजून घ्या

सत्तरच्या दशकाच्या मध्यापासून धावण्याच्या बुटांत ईव्हीए नावाचा फोम रुजला. पूर्ण नाव इथिलीन व्हिनाइल ॲसिटेट. मुलांच्या खोलीत अंथरायच्या रंगीत जोड-चटया याच जातीच्या असतात. या फोममध्ये लाखो बारीक बंद बुडबुडे असतात. पाऊल पडले की बुडबुड्यांतली हवा दबते, त्यांच्या भिंती वाकतात, आणि भार निघाला की सगळे मूळ जागी येऊ पाहते. दबताना घेतलेल्या ऊर्जेतला काही भाग परत मिळतो, उरलेला उष्णता होऊन जातो. शेकडो किलोमीटरनंतर भिंती मोडायला लागतात आणि फोम ‘बसतो’. ईव्हीए हलका, स्वस्त आणि भरवशाचा आहे, म्हणून आजही बहुतेक रोजच्या बुटांत तो किंवा त्याचे सुधारलेले मिश्रण असते. एक गोष्ट लक्षात ठेवा: थंडीत तो कडक होतो आणि उन्हात मऊ. डिसेंबरच्या पहाटे नाशिकमध्ये तोच बूट जरा टणक लागला, तर बूट बिघडलेला नाही.

मग कंपन्यांनी फोमच्या पोटात इतर गोष्टी घालायला सुरुवात केली. विमान-अवकाश क्षेत्रातले अभियंते फ्रँक रूडी यांची दाबाखालच्या वायूच्या पिशवीची कल्पना नायकीने सत्तरच्या दशकाच्या शेवटी टेलविंड या बुटात आणली. १९८७ च्या एअर मॅक्समध्ये टिंकर हॅटफिल्ड यांनी सोलला खिडकी पाडून ती पिशवी बाहेरून दिसेल अशी केली. जपानच्या कोबे शहरातल्या ॲसिक्सने १९८६ मध्ये जेल आणले. हे सगळे खरे तंत्रज्ञान आहे, पण खिडकीतून दिसणारी पिशवी किंवा जेलचा रंगीत तुकडा टाचेच्या थोड्याशा भागात असतो आणि त्याभोवती फोमच असतो. काचेतून काय दिसते यावर बूट निवडू नका.

मोठा बदल गेल्या दहा-बारा वर्षांतला. २०१३ मध्ये आदिदासने जर्मनीच्या बीएएसएफ या रसायन कंपनीबरोबर बूस्ट आणले. त्यात टीपीयू या प्लास्टिकचे फुलवलेले दाणे वाफेने एकमेकांना चिकटवलेले असतात. सोल जवळून पाहिला तर भिजलेला साबुदाणा दाबून बसवल्यासारखा दिसतो. टिकायला उत्तम, वजनाला जरा भारी. २०१७ मध्ये नायकीच्या व्हेपरफ्लायमध्ये पेबा जातीचा फोम आला. अतिशय हलका आणि उसळी जबरदस्त. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाच्या बोल्डर इथल्या प्रयोगशाळेत या बुटाच्या नमुन्याची दुसऱ्या दोन स्पर्धा-बुटांशी तुलना झाली. यंत्राने दाबून सोडल्यावर ईव्हीएच्या बुटाने दिलेल्या ऊर्जेपैकी सुमारे ६५ टक्के परत केली, बूस्टच्या बुटाने ७६ टक्के आणि पेबाच्या बुटाने ८७ टक्के. पेबाच्या बुटात धावपटूंना त्याच वेगासाठी सरासरी ४ टक्के कमी ऊर्जा लागली.

इथे नवखा माणूस अडकतो, म्हणून जरा थांबून सांगतो. मऊ आणि उसळणारा हे दोन निराळे गुण आहेत. जुनी कापसाची गादी मऊ असते, पण बसलात की खाली जाता आणि तिथेच राहता. टेनिसचा चेंडू दाबायला तिच्याइतका सोपा नाही, पण तो परत येतो. काही बूट कापसासारखे असतात: चालताना स्वर्ग, आणि आठव्या किलोमीटरला वाळूत पळतोय असे वाटते. पाय प्रत्येक वेळी त्यातून उपसून काढावा लागतो. काही बूट पहिल्या पावलाला टणक वाटतात आणि तासाभराने त्यांची किंमत कळते.

वजनाचाही संबंध आहे. ५० किलोच्या मुलीला जो फोम दगडासारखा वाटतो, तोच ९० किलोच्या माणसाला बरोबर बसतो, कारण तिच्या भाराने तो पुरेसा दबतच नाही. उलट, अतिमऊ फोम जड माणसाखाली तळापर्यंत दबतो, आणि तळ गाठलेल्या गादीचा उपयोग नसल्यासारखाच. त्यामुळे मैत्रिणीला आवडलेला बूट तुम्हाला आवडेलच असे नाही. वजन जास्त असेल तर सर्वांत मऊ बूट शोधू नका. जाड, पण मध्यम टणक आणि रुंद तळाचा बूट शोधा. लक्झेंबर्गमध्ये झालेल्या एका मोठ्या प्रयोगात टणक बुटांच्या गटात मऊ बुटांच्या गटापेक्षा दुखापती जास्त आढळल्या होत्या, म्हणजे गादीला अर्थ आहेच. माझे म्हणणे एवढेच की ती तुमच्या वजनाला पुरली पाहिजे.

पायरी ३: दोन आकडे विचारा

पहिला आकडा स्टॅक, म्हणजे पायाखाली एकूण किती मिलिमीटर माल आहे. दुसरा ड्रॉप, म्हणजे टाचेखालची जाडी वजा चवड्याखालची जाडी. टाचेखाली ३४ आणि चवड्याखाली २४ असेल तर ड्रॉप १० मिलिमीटर. हे आकडे खोक्यावर क्वचितच असतात. कंपनीच्या संकेतस्थळावर मिळतात.

स्टॅकची आजची जाडी दीड दशकापूर्वी कुणाला खरी वाटली नसती. २००९ मध्ये फ्रान्समध्ये सुरू झालेल्या होकाने डोंगर उतरण्यासाठी जाड सोलचे बूट काढले तेव्हा ते विचित्र दिसत होते. आज सगळ्याच कंपन्यांचे बूट तसे आहेत. रस्त्यावरच्या स्पर्धांसाठी जागतिक ॲथलेटिक्स संघटनेने २०२० मध्ये ४० मिलिमीटरची मर्यादा घातली. नव्या माणसाला जाडीची भीती नको, पण तळ रुंद आहे ना ते बघा. जाड आणि अरुंद बूट म्हणजे उंच टाचेची चप्पल घालून धावणे. आपल्याकडच्या खड्ड्यांवर, पेव्हर ब्लॉकच्या उघड्या कडांवर घोटा मुरगळायला वेळ लागत नाही.

ड्रॉप मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण तो भार कुठे जाईल हे बदलतो. ड्रॉप जास्त असेल तर पोटरी आणि टाचेमागच्या शिरेवरचा ताण कमी होतो, गुडघ्याकडे जरा जास्त जातो. ड्रॉप कमी केला की उलट. भार नाहीसा होत नाही, जागा बदलतो. दिवसभर ऑफिसचे बूट किंवा टाचेच्या सँडल घालणाऱ्याच्या पोटऱ्या आखडलेल्या असतात. अशा माणसाने एकदम शून्य किंवा चार मिलिमीटरचा बूट घेतला तर आठवड्याभरात पोटरी धरते. सुरुवात ८ ते १० मिलिमीटरपासून करा. पुढे कमी ड्रॉपकडे जायचे असेल तर महिने लावा.

इथे कुणीतरी हमखास विचारतो, मग अनवाणीच का नको? अबेबे बिकिलाने १९६० चे रोम ऑलिंपिक मॅरेथॉन अनवाणी जिंकले, हे खरेच आहे. अनवाणी वाढलेले धावपटू बहुधा टाचेऐवजी चवड्यावर उतरतात आणि त्यामुळे टाचेचा तो पहिला तीक्ष्ण धक्का टळतो, हे हार्वर्डच्या डॅनियल लिबरमन यांच्या गटाने २०१० मध्ये दाखवून दिले. पण ती पावले लहानपणापासून तशी घडलेली असतात. चाळिशीत पहिल्यांदा धावणाऱ्याने आधी वर्षभर बुटात धावावे, मग मैदानातल्या गवतावर पाचेक मिनिटे अनवाणी पळून बघावे.

पायरी ४: आधाराचा प्रश्न, आणि ओल्या पावलाची परीक्षा

पाऊल टेकल्यावर घोटा थोडा आतल्या बाजूला झुकतो आणि कमान जराशी दबते. याला प्रोनेशन म्हणतात. हा दोष नाही. धक्का पचवण्याची शरीराची ही स्वतःची स्प्रिंग आहे. कुणाचा घोटा जास्त झुकतो, कुणाचा कमी.

जास्त झुकणे म्हणजे दुखापत असे अनेक वर्षे मानले गेले, आणि त्यावर एक सोपी चाचणी निघाली. आंघोळीनंतर ओला पाय कोरड्या शहाबादी फरशीवर ठेवायचा. मधला भाग पूर्ण उमटला तर सपाट पाय, मग कडक आधाराचा बूट. टाच आणि चवडा जोडणारी पट्टी अगदी बारीक उमटली तर उंच कमान, मग जास्त गादीचा बूट. मधले असेल तर न्यूट्रल, म्हणजे खास आधार न लावलेला साधा बूट. ही चाचणी घरी करून बघा, आपले पाऊल ओळखायला ती छान आहे. पण तिच्यावरून बूट ठरवू नका. अमेरिकेच्या लष्करात हजारो भरती जवानांवर हेच करून पाहिले: एका गटाला कमानीप्रमाणे बूट, दुसऱ्याला सगळ्यांना एकच. दुखापतींत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. डेन्मार्कमध्ये ९२७ नवशिक्यांना एकच न्यूट्रल बूट देऊन वर्षभर पाहिले. मध्यम झुकणाऱ्या पायांना जास्त दुखापती झाल्या नाहीत. कारण समजण्यासारखे आहे: फरशीवर स्थिर उभे राहिलेले पाऊल आणि पाव सेकंद टेकून सुटणारे पाऊल एकसारखे वागत नाही.

म्हणजे आधाराचे बूट निरर्थक का? तसेही नाही. लक्झेंबर्गमधल्याच दुसऱ्या एका प्रयोगात ज्यांचे पाय खरोखर आत झुकत होते, त्यांना आधाराच्या बुटांचा फायदा दिसला. म्हणून मी असे सांगतो: आधी काही दुखत नसेल तर साध्या, स्थिर, न्यूट्रल बुटाने सुरुवात करा. नडगीच्या आतल्या बाजूला किंवा कमानीत वारंवार दुखत असेल, जुन्या बुटाची आतली कड दाबून तिरकी झाली असेल, तर आधाराचा बूट घालून बघण्यासारखा आहे. दुखणे दोन-तीन आठवडे टिकले तर मात्र बुटांची दुकाने फिरू नका, फिजिओथेरपिस्टकडे जा.

आधार बुटात कुठे असतो ते बघा. जुनी पद्धत म्हणजे मिडसोलच्या आतल्या बाजूला जास्त टणक फोमचा तुकडा, बहुधा करड्या रंगाचा. हाताने दाबलात तर आत-बाहेरचा फरक कळतो. (अंगठा इथे मात्र उपयोगी पडतो.) ॲसिक्सचे १९९३ पासून चालत आलेले जेल-कायानो बराच काळ याच पद्धतीचे होते. आता बहुतेक कंपन्या हा तुकडा सोडून इतर मार्ग घेतात. ब्रूक्सच्या ॲड्रेनालिन जीटीएसमध्ये टाचेच्या दोन्ही बाजूंना उंच, टणक कडा आहेत, त्यांना ते गाइड रेल म्हणतात. पाय थोडाच झुकला तर त्या मधे येत नाहीत. जास्त घसरला तर अडवतात. काही बुटांत तळच रुंद पसरवलेला असतो, किंवा पाऊल मिडसोलच्या वर न ठेवता दोन्ही बाजूंच्या भिंतींमध्ये खोल बसवलेले असते, वाटीत बसल्यासारखे. ही शेवटची पद्धत मला सर्वांत आवडते. ती पायाला वळवायला जात नाही, फक्त सांभाळते.

दुकानात हाताने तीन गोष्टी करा. टाचेची वाटी दोन बोटांनी चिमटा. ती थोडी दबावी, पण कागदासारखी कोसळू नये. बूट टाच आणि पुढचे टोक धरून कपडे पिळल्यासारखा पिळा. मधून अगदी सहज पिळला जात असेल तर लांब धावण्यासाठी तो कच्चा आहे. मग पुढचे टोक टाचेकडे दाबा. बूट बोटांच्या सांध्यापाशी वाकला पाहिजे, मधोमध नव्हे. शेवटी दोन्ही बूट काउंटरवर शेजारी ठेवून मागून बघा. एखादा आत किंवा बाहेर कललेला दिसला तर बदलून मागा. नव्या बुटातही शिलाई-चिकटाई वाकडी गेलेली असते.

पायरी ५: दुकानातली अर्धी घटिका

बूट सकाळी घेऊ नका. दिवसभरात पाय सुजतो, धावतानाही सुजतो, म्हणून संध्याकाळी जा. धावताना घालता तेच मोजे बरोबर न्या. दोन्ही पाय मोजून घ्या. बहुतेकांचा एक पाय मोठा असतो, माप मोठ्या पायाचे घ्यायचे. उभे राहिल्यावर पायाच्या सर्वांत लांब बोटापुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. ते लांब बोट नेहमी पायाचा अंगठाच असेल असे नाही, पुष्कळांचे दुसरे बोट लांब असते.

ही जागा मी एकदा सोडली नव्हती. पहिला बूट ऑनलाइन सवलतीत घेतला, रोजच्या बुटाच्या मापाचा, अगदी लोण्यासारखा मऊ. पाच-सहा किलोमीटरपर्यंत काही कळले नाही. मग साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन धावलो. यवतेश्वरचा घाट चढताना सगळे ठीक होते. उतरताना प्रत्येक पावलाला बोटे पुढे आपटत राहिली. दोन नखे काळी पडून महिन्याभराने गळाली, आणि मऊ तळामुळे उतारावर घोटे सांभाळता सांभाळता पोटऱ्याही धरल्या. तेव्हापासून अर्धे माप मोठेच घेतो.

मापांच्या आकड्यांवर विसंबू नका. आपल्याकडे यूके माप चालते, खोक्यावर यूएस आणि युरोपचेही असते, आणि एका कंपनीचा ८ दुसऱ्या कंपनीच्या ८ इतका नसतो. ऑनलाइन घ्यायचा असेल तर सेंटिमीटरचा आकडा बघा. रुंदीचे अक्षर वेगळे असते: पुरुषांत डी नेहमीची, २ई रुंद, ४ई जास्त रुंद, बायकांत बी नेहमीची, डी रुंद. आपली पावले बऱ्याचदा चवड्यात रुंद असतात. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने देशभरात लाखावर लोकांची पावले मोजून भारतीय मापपद्धती सुचवली, ती याचसाठी. बायकांना मी आवर्जून सांगतो, बायकांच्या विभागातला बूट चवड्याला आवळत असेल तर पुरुषांचा घालून बघायला काहीच हरकत नाही. फक्त टाच सैल होत नाही ना ते बघा.

आता पळा. चांगल्या दुकानात ट्रेडमिल असते, नसेल तर बाहेरच्या पदपथावर विचारून पन्नास पावले. दोन बूट निवडा आणि एका पायात एक, दुसऱ्यात दुसरा घालून चालून बघा, मग पाय बदला. शब्दांत सांगता येत नाही तो फरक पाय लगेच सांगतो. कॅनडातल्या कॅलगरी विद्यापीठाचे बेन्नो निग यांनी आयुष्य या विषयात घालवले, आणि त्यांनी पुढे मांडलेले मत हेच की धावपटूने स्वतःला सर्वांत सुखकर वाटणारा बूट निवडावा. सुखकर म्हणजे मऊ नव्हे. सुखकर म्हणजे थोडे पळल्यावर बुटाकडे लक्षच जात नाही असा. कुठे टोचते, कुठे घासते, ‘होईल सवय’ असे मनात आले, की तो बूट तुमचा नाही.

नाड्या हाही आधाराचाच भाग आहे. घोट्यापाशी शेवटचे एक जादा छिद्र असते ते सजावटीसाठी नाही. नाडी त्याच बाजूला त्या छिद्रातून घालून लहान फास करा, समोरची नाडी त्या फासातून ओढा आणि मग गाठ मारा. टाच वाटीत पक्की बसते आणि उतारावर पाय पुढे सरकत नाही.

महागड्या स्पर्धा-बुटांच्या मिडसोलमध्ये बसवलेल्या कार्बनच्या कडक पट्टीबद्दल थोडक्यात. केनियाच्या एलिउद किपचोगेने २०१९ मध्ये व्हिएन्नात १ तास ५९ मिनिटे ४० सेकंदांत मॅरेथॉनचे अंतर पार केले तेव्हापासून पट्टीचे बूट सगळ्यांना खुणावतात. ते वेगासाठी बनवलेले, महाग आणि बहुतेक वेळा अरुंद तळाचे असतात. त्यांचा फोमही लवकर दमतो. पहिला बूट म्हणून घेऊ नका. त्या पैशांत रोजचे दोन साधे बूट येतात आणि ते आलटून पालटून वापरणे नवख्याला जास्त उपयोगी, कारण दोन बुटांत भार थोडा वेगवेगळ्या जागी जातो. रोजचा बूट म्हणजे नायकीचा १९८३ पासूनचा पेगॅसस, ब्रूक्सचा घोस्ट, ॲसिक्सचा जेल-क्युम्युलस या पठडीतला. मागच्या वर्षीची आवृत्ती सवलतीत मिळाली तर खुशाल घ्या, दरवर्षी बदलतो तो बहुधा वरचा कापडी भाग आणि रंग. फक्त उत्पादनाची तारीख खूप जुनी नाही ना ते बुटाच्या जिभेच्या (नाड्यांखालच्या कापडी पट्टीच्या) आतल्या लेबलवर बघा. कारण पुढे येते.

पायरी ६: घरी आणल्यावर

पहिले दोन-तीन दिवस घरात आणि बाजारात घालून चाला. मग तीन-चार किलोमीटरच्या हलक्या धावा. स्पर्धेच्या दिवशी नवा बूट कधीच नको.

पावसाळा हा आपल्याकडचा खरा प्रश्न आहे. जून ते सप्टेंबर बूट रोज भिजतो. भिजलेला बूट वॉशिंग मशीनमध्ये टाकू नका, कडक उन्हात किंवा गीझर-हीटरजवळ ठेवू नका. उष्णतेने फोम आणि गोंद दोन्ही खराब होतात. सुखतळा काढा, आत वर्तमानपत्राचे बोळे भरा, तासाभराने बदला, पंख्याखाली ठेवा. दोन जोड्या असतील तर एक वाळेपर्यंत दुसरी. ओल्या शेवाळलेल्या फरशीवर कुठलेही रबर फारशी पकड घेत नाही, पण खोबणी झिजून गुळगुळीत झालेले आउटसोल तर अजिबात नाही.

दमटपणाचा आणखी एक परिणाम कोकणात आणि मुंबईत बऱ्याच जणांनी अनुभवला असेल. कपाटात चार-पाच वर्षे जपून ठेवलेला, जवळजवळ नवा बूट बाहेर काढावा आणि दहा पावलांत त्याचा सोल खारी बिस्किटासारखा चुरून पडावा. तो पॉलियुरेथेन जातीचा फोम असतो. हवेतली वाफ त्याच्या रेणूंच्या साखळ्या हळूहळू तोडत राहते, बूट घातला नाही तरी. ईव्हीएला हा त्रास नाही, मात्र जोडणीचा गोंद सुटू शकतो. म्हणून बूट जपून ठेवायची वस्तू नाही. घेतला की वापरा, आणि सवलत आहे म्हणून चार जोड्या भरून ठेवू नका.

बूट कधी संपला? साधारण ५०० ते ८०० किलोमीटर हा नेहमीचा अंदाज. जड माणसाचा आणि टाच घासत पळणाऱ्याचा आधी, हलक्या माणसाचा नंतर. वरून बूट नवा दिसतो, रबरही शिल्लक असते, आणि तरी आतला फोम बसलेला असतो. म्हणून दिसण्यावर जाऊ नका. मिडसोलच्या बाजूला आडव्या सुरकुत्या पडून त्या उठत नाहीत, टेबलावर ठेवल्यावर बूट एका बाजूला कलतो, नेहमीच्याच अंतराला नडगी किंवा गुडघा कुरकुरायला लागतो, ही लक्षणे. नवा बूट घेतल्यावर जुना लगेच टाकू नका. तीन-चार आठवडे दोन्ही आलटून पालटून घाला. एके दिवशी जुना पायात घालताच कळते की त्याखाली आता काही उरलेले नाही, आणि त्या दिवसापासून तो भाजी आणायला जायचा बूट होतो.

नव्या बुटाच्या सुखतळ्याच्या खालच्या बाजूला पहिल्या धावण्याची तारीख बॉलपेनने लिहून ठेवा. आठ महिन्यांनी ‘हा कधी घेतला होता बरं?’ हा प्रश्न पडतोच, आणि उत्तर तेव्हा तिथेच सापडते.